एक रकाना माहेरच्या नावाचा

तीन महिन्यांची शुगर ६.१ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून डायबेटिस नाहीये पण उंबरठ्यावर आहात, आणि मग पेन उचलून विचारलं, घरात कोणाला आहे? मी पटापट सांगितलं, बाबांना होती, दोन्ही काकांना आहे, चुलतभावाला तर चाळिशीतच निघाली. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आणि आईकडे? आई बासष्टाव्या वर्षी गेली, हार्टने, तिची शुगर कधी कोणी तपासल्याचं मला आठवत नाही. आईची आई? इथे माझी गाडी बंद पडली. म्हणजे आजीचं तसं सगळं आठवतं मला, तिची तपकिरीची डबी, भाकरी थापताना होणारा बांगड्यांचा आवाज, रात्री तीनचारदा कंदील घेऊन परसात जायची ते (आम्ही पोरं तिला हसायचो, आज आठवलं की अंगावर काटा येतो), पण ती गेली कशाने म्हटलं की घरात एकच उत्तर, म्हाताऱ्या माणसाला काय कारण लागतं. नंतर हिशोब केला तर ते म्हातारं माणूस अठ्ठावन्न वर्षांचं होतं. मी आत्ता चौपन्न आहे.

घरी येऊन आधी कुलवृत्तांत काढला. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत म्हणजे लाल कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक, कडेने वाळवीने चाखलेलं. आजोबांच्या पिढीतल्या एका चिकाटीच्या माणसाने गावोगाव पोस्टकार्डं पाठवून माहिती जमवली आणि पदरमोड करून ते छापलं. प्रस्तावनेत त्याने चारचारदा पत्रं धाडूनही उत्तर न देणाऱ्यांना दोनचार टोमणे मारलेत. पूर्वी मला ते वाचून हसू यायचं. आता नाही येत, कारण आता मी त्याच्या जागी आहे, फक्त पोस्टकार्डाच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप आलंय आणि निळ्या टिका दिसत असल्यामुळे अपमान जास्त स्पष्ट होतो.

तर त्या पुस्तकात प्रत्येक पुरुषाला एक परिच्छेद. जन्मसाल, शिक्षण, नोकरी, वतन असेल तर वतन, आणि बऱ्याच ठिकाणी मरणाचं कारणही. प्लेगने, विषमज्वराने, पटकीने, एक जण विहिरीत पडून. तब्येतीच्या दृष्टीने बघायला गेलं तर हा खजिनाच की, म्हणून मी लॅपटॉप उघडून बसले. बँकेत सव्वीस वर्षं काढल्यामुळे एक्सेलची भीती नाही. दोन दिवसांत दोनशेच्या वर नावं टाकून झाली, पाठ मोडून आली, आणि मग लक्षात आलं की यात बायकाच नाहीत. म्हणजे आहेत, पण कशा, तर पत्नी अमुक, माहेरचं आडनाव तमुक, अपत्यं पाच. आणि मुलगी असेल तर एक ओळ, कन्या अमुक, सासरचं नाव तमुक, आणि रेघ. त्या रेघेपलीकडे तिचं काय झालं, तिला मुलं किती, ती पंचविसाव्या वर्षी गेली की पंच्याऐंशीव्या, पुस्तकाला त्याच्याशी देणंघेणं नाही. ती दुसऱ्यांच्या कुलवृत्तांतात गेली. आणि तिथे बघायला जावं तर तिथे ती ‘पत्नी, माहेरचं आडनाव तमुक’. दोन पुस्तकांत मिळून एका बाईच्या दोन ओळी.

मी स्वतः त्या पुस्तकात नाही, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी छापलंय. पण नवी आवृत्ती निघालीच तर माझीही रेघच.

चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. मग दोन दिवस वाचत बसले की जगात लोकांनी असलं काम कसं केलंय, पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं काम, आणि पहिलीच जी गोष्ट हाताला लागली ती वाचून जरा बरं वाटलं, की हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी सुइणींना आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांना शिस्त लावली, की प्रत्येक बाळाचं जन्मवजन लिहायचं, वर्षाचं झालं की पुन्हा जाऊन वजन घ्यायचं, अंगावर पितं की बाटलीवर तेही लिहायचं. मोठमोठी चोपडी भरली. पुढे सत्तरेक वर्षांनी डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या मंडळींनी ती चोपडी धुंडाळून त्यातली बाळं पुढे कशाने मेली ते शोधून काढलं. वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं ते हृदयविकाराने जास्त मेले होते. म्हणजे साठीत येणाऱ्या अटॅकची मुळं पाळण्यात, किंवा त्याच्याही आधी. १९८९ मध्ये हा निबंध छापून आला तेव्हा जग हललं, पण मला दिसलं ते वेगळंच. त्यात ५६५४ माणसं होती आणि सगळेच्या सगळे पुरुष. बायकांचा निबंध यायला १९९३ उजाडलं. चोपड्यात मुली होत्याच की, त्यांचीही वजनं घेतलेली होती, पण लग्न झालं, आडनाव बदललं, की चोपड्यातली मुलगी आणि मृत्यूच्या दाखल्यातली बाई ही एकच आहे हे जुळवणं महाकठीण. बर्नसाइड बाईंनी लिहून ठेवलं, वजन करणाऱ्या बायका, बाळंत होणाऱ्या बायका, आणि पहिल्या फेरीत मोजणीला आले बाप्ये.

आपल्याकडे तर आडनावावर भागत नाही, पहिलं नावही बदलायची पद्धत होती. माझी एक आत्या माहेरची सुशीला, सासरी इंदिरा, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी आणि सगळे हाक मारायचे अक्का. चार नावांची चार माणसं माझ्या यादीत आली होती, तीन वेगवेगळ्या वर्षी जन्मलेली.

म्हणून ठरवलं की पहिला रकाना माहेरच्या नावाचा. सगळ्यांसाठी, सुनांनासुद्धा. आणि नंबर वडिलांच्या शाखेवरून द्यायचा नाही. कुलवृत्तांतात ३-२-१ म्हणजे तिसऱ्या शाखेतल्या दुसऱ्याचा पहिला मुलगा असला प्रकार असतो, दिसायला सुटसुटीत पण त्यात बाई बसतच नाही, आणि दत्तक गेलेला मुलगा दोन ठिकाणी बसतो. मी सरळ १ पासून नंबर दिले, जो आठवेल त्याला पुढचा, आणि प्रत्येकापुढे दोन नंबर, आईचा आणि बापाचा. बस. एवढ्याने झाड आपोआप उभं राहतं, आणि जोडायला घेतल्यावर कळलं की माझी पणजी ही माझ्या आईच्या चुलत आजोबांची बहीण होती. आमच्या देशस्थांत मामाची मुलगी करायची चाल होतीच, त्यामुळे आमचं झाड हे झाड कमी आणि वडाच्या पारंब्या जास्त आहे. ‘बाबांकडची शुगर’ आणि ‘आईकडची शुगर’ असं मी डॉक्टरांना जे ऐटीत वेगळं करून सांगत होते ते दोन पिढ्या मागे जाऊन एकाच वाड्यात शिरत होतं.

दत्तकाचा घोळ तर विचारूच नका. घराण्यातला मुलगा घराण्यातच दत्तक, त्यामुळे कागदावर बाप बदलतो, रक्त नाही. वारसा बघायचा तर जन्मदाते हवेत, आणि लहानपणी पानात काय पडलं ते बघायचं तर वाढवणारे हवेत. दोन्ही खरे. रकाने वाढत चालले.

मग प्रश्न आला, घ्यायचं कोणाला? फक्त रक्ताची माणसं की सुना-जावईपण? नानाकाका म्हणाले, जावयांचा काय संबंध. मलाही तसंच वाटत होतं. पण अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम म्हणून गाव आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये, तिथे १९४८ मध्ये हृदयविकारावरचा मोठा अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही जी नावं आज गल्लीतला पानवालाही हार्टला जोडतो ती जोडणारा हाच अभ्यास. ५२०९ माणसं, दर दोन वर्षांनी तपासणी. ठरवलं होतं वीस वर्षांसाठी. १९७१ मध्ये त्यांनी पुढची पिढी घेतली, ५१२४ जण, आणि त्यात मुलांबरोबर त्यांचे नवरे-बायकाही घेतले. २००२ मध्ये नातवंडं, ४०९५. हे वाचलं आणि उजेड पडला. नवराबायकोचं रक्त वेगळं पण मीठ एक, तेल एक, रात्रीची जागरणं एक. दोघांनाही बीपी निघालं तर ते वाड्यातून आलं की ओट्यावरून, हे सून घेतल्याशिवाय कळणार कसं? आणि शिवाय पुढच्या पिढीला अर्धं जे येतं ते तिच्याकडूनच येतं की. नानाकाकांना मी हे एवढं शास्त्रशुद्ध नाही सांगितलं. त्यांना म्हटलं, काका, काकूच्या हातचं लोणचं तुम्ही पन्नास वर्षं खाताय, ते मोजायला नको का? काकू आतून म्हणाली, मोज मोज, मेलं किती मीठ लागतं यांना.

फ्रॅमिंगहॅमची अजून एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. त्यांनी गावातली माणसं वयाप्रमाणे, घराप्रमाणे नीट निवडून बोलावली होती, पण निवडलेल्यांतले ४४६९ आले, बाकीचे फिरकलेच नाहीत, म्हणून मग आपणहून आलेले ७४० जण त्यात घालून संख्या पुरी केली. आता आपणहून तपासायला कोण येतं? ज्याला तब्येतीची काळजी आहे तो. म्हणजे बहुतेक वेळा बराच ठणठणीत माणूस. आमच्याकडे डिट्टो. ग्रुपवर त्रेचाळीस जण. मी मेसेज टाकला की या दिवाळीत सगळ्यांचं वजन, कंबर, बीपी आणि उपाशीपोटी शुगर, तर पहिल्यांदा अंगठा कोणी दाखवला? सकाळी पर्वती चढणारा पुतण्या, योगासनवाली वहिनी आणि झुंबा शिकवणारी भाची. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो चाळिशीतला शुगरवाला भाऊ दिवाळीला आलाच नाही, ऑफिसचं काम आहे म्हणाला. पहिल्या वर्षीचे आकडे काढले तर आमचं घराणं एकदम तंदुरुस्त! त्या वर्षी मी काही निष्कर्ष काढले असते तर आम्ही सगळ्यांनी निवांत श्रीखंड खाल्लं असतं. तसंही खाल्लंच म्हणा.

दुसऱ्या वर्षी मीच उठून लोकांच्या घरी गेले. जो येत नाही त्याच्याकडे आपण जायचं, हा एकच नियम मला या सगळ्या वाचनातून आणि पायपिटीतून मिळाला असं म्हटलं तरी चालेल.

आता मोजण्याबद्दल. मला वाटायचं हा सोपा भाग. पहिल्या वर्षी कंबर मोजायला शिवणाच्या डब्यातली टेप नेली, ती वीस वर्षांची, ताणून ताणून सैल झालेली, स्टीलच्या पट्टीवर ठेवून बघितली तर मीटरमागे सेंटिमीटरभर खोटं बोलत होती, म्हणजे सगळ्यांची कंबर खऱ्यापेक्षा कमी. वजनकाटा ज्याच्या त्याच्या घरचा, गालिच्यावर ठेवलेला. बीपी जिना चढून आल्या आल्या. शुगर धनत्रयोदशीला. आता काटा एक, टेप न ताणणारी, बीपी पाच मिनिटं बसवून, आणि तारीख दिवाळीतली नाही तर तुळशीच्या लग्नानंतरची, फराळाचे डबे रिकामे झाल्यावर. आणि मध्ये काटा बदलावा लागला तेव्हा जुना टाकून देण्याआधी दहा जणांना दोन्हींवर उभं केलं, नवा अर्धा किलो जास्त दाखवतो असं निघालं, नाहीतर पुढच्या वर्षी मी सगळ्या घराण्याला लठ्ठ झालात म्हणून झापलं असतं. पण टेपच्या बाबतीत ही अक्कल उशिरा आली, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या सगळ्या कंबरांपुढे लाल चांदणी आहे. पुसल्या नाहीत. पुसायच्या नसतात, चुकलेलं चुकलेलं म्हणून ठेवायचं.

वयांची वेगळीच गंमत. जुन्या माणसांच्या शाळेतल्या तारखा सगळ्या १ जूनच्या, मास्तरांनी टाकलेल्या. खरं वय काढायचं तर घटना धरून चालायचं. पानशेत फुटलं तेव्हा (म्हणजे जुलै १९६१) तू चालत होतास का? कोयनेच्या भूकंपात, १९६७ च्या डिसेंबरात, कोण पोटात होतं? मोठ्या काकूने सांगितलं की भूकंपाच्या रात्री थोरल्याला घेऊन अंगणात बसलो होतो आणि धाकटीला सातवा लागला होता. झालं, धाकटीचा जन्म फेब्रुवारी-मार्च ६८, दाखल्यावर जून ६७. बायका पोराच्या जन्माचं वर्ष विसरतील पण पोटात कोण असताना काय झालं हे विसरत नाहीत. आणि ही माहिती मला पुरुषांकडून एकदाही मिळाली नाही, एकदाही.

याच्यातून बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट निघाली. आमचं मूळ गाव खटावात, त्यामुळे दुष्काळ हा पाहुणा नाही, घरचाच. तेव्हा खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बायकांत आमच्याही घरातल्या दोघी होत्या, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन काढलेले दिवस, आणि त्यातली एक पोटुशी. तिचा मुलगा ७३ चा, तोच तो चाळिशीत शुगर निघालेला भाऊ. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, भयंकर उपासमार झाली, आणि त्या काळात आईच्या पोटात असलेली बाळं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखर न पचण्याचं प्रमाण जास्त निघालं. मी हे वाचून भावाला उत्साहाने फोन केला. तो म्हणाला, म्हणजे माझी चूक नाही तर. मी म्हटलं असं एका माणसावरून सांगता येत नाही रे, तू वीस वर्षं रात्रपाळी केलीस, तुझ्या बापाला शुगर, दुष्काळ त्यात एक. तो म्हणाला, मग फोन कशाला केलास. बरोबर होतं त्याचं. शेकडो माणसांत जे दिसतं ते एका माणसाला सांत्वन म्हणून वाटायचं नसतं. पण त्या फोननंतर तो तपासणीला येतो, हेही खरं.

दोनच वर्षांत एक मोठी माती खाल्ली ती सांगून टाकते. एक्सेलमध्ये मी नावं अकारविल्हे लावली, पण फक्त नावांचाच रकाना निवडला होता, बाकीचे जागच्या जागी राहिले. म्हणजे एकाचं नाव दुसऱ्याच्या आकड्यांपुढे. लक्षात न येता त्यावरून सगळ्यांना मेसेज पाठवले. बत्तीस वर्षांच्या भाचीला ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची उपाशीपोटी २१० शुगर गेली. ती बिचारी ऑफिसातून रडत फोन करतेय आणि तिकडे ते ब्याऐंशीवाले मामा ‘८८! नॉर्मल!’ म्हणून जिलबी आणवून बसलेत. मामांची जिलबी थांबवायला दीड तास लागला. तेव्हापासून मूळ फाईल कधीही हलवायची नाही, कामाला कॉपी घ्यायची, आणि आकडे पाठवण्याआधी दुसऱ्याने कागदाशी ताडून बघायचे. ते काम पुतण्या करतो. तो म्हणतो, आत्या, तुला बँकेत कोणी ठेवलं होतं.

आणि आकडा सांगायचा कोणाला, हे तर मला आधी सुचलंच नव्हतं. मी पहिल्या वर्षी ग्रुपवरच टाकणार होते, सगळे आपलेच तर आहेत. धाकट्या जावेने बाजूला घेऊन सांगितलं, ताई, हिचं यंदा बघतोय आम्ही, तुमच्या त्या वहीत शुगर-बिगर काही लिहू नका. मी म्हटलं अगं वही माझ्याकडेच राहते. ती म्हणाली, आज तुमच्याकडे, उद्या कोणाकडे? हा प्रश्न बिनतोड होता. आपण ज्याला पिढ्यांचं काम म्हणतो त्याचा अर्थच हा की वही आपल्यानंतर दुसऱ्याच्या हातात जाणार, ज्याला आज कोणी होकार दिलेला नाही. मग नावांची फाईल वेगळी, आकड्यांची वेगळी, मध्ये फक्त नंबर. प्रत्येकाचा आकडा त्याचा त्यालाच. आणि लहान मुलांचं आईबापांनी हो म्हटलं असलं तरी अठराव्या वर्षी त्याला परत विचारायचं, नको म्हणाला तर पुढचं बंद. आतापर्यंत एकीनेच नको म्हटलंय, त्याच धाकट्या जावेच्या मुलीने. तिची रांग आता करडी आहे. मला वाईट वाटतं, पण मी तिला ते जाणवू दिलेलं नाही, निदान मला तसं वाटतं.

आता पुण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण मी राहते पुण्यात आणि हे सगळं बाहेरच्या देशांतलं वाचत बसले होते. केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याबाहेरच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. ह्या अभ्यासाची सुरुवातच बाईपासून आहे, तीही गरोदर होण्याच्या आधीपासून. अडीच हजारांच्या आसपास लग्न झालेल्या बायका, आणि त्यांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख लिहायची. दर महिन्याला! सासूसमोर, चुलीपाशी, कुणी परकी बाई येऊन पाळी आली का विचारतेय आणि तिला उत्तर मिळतंय, हे किती अवघड काम आहे हे मला तीन वर्षं बीपीचं मशीन घेऊन फिरल्यावर कळलं. पाळी चुकली की सोनोग्राफी, मग अठराव्या आणि अठ्ठावीसाव्या आठवड्यात आईचं खाणं, काम, रक्त, सगळं. आणि बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत जाऊन मोजायचं. पहिलं बाळंतपण माहेरी असणाऱ्या आपल्या राज्यात ७२ तासांत बाळ गाठायचं म्हणजे काय, विचार करा.

त्या आया सरासरी बेचाळीस किलोच्या. बाळं पावणेतीन किलोच्या जरा आतबाहेर, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीनची. आपली बाळं बारीक, हे तर दिसतच होतं, पण मोजलं तर स्नायू कमी, पोटातले अवयव लहान आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारी चरबीदार बाळं. याज्ञिकांचा स्वतःचा एक फोटो आहे, इंग्लंडमधल्या जॉन युडकिन नावाच्या डॉक्टरांबरोबर, २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलेला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, आणि अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हा फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकला तेव्हा ‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय’ म्हणणारे तिघे गप्प झाले.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते रक्त त्यांनी जपून गोठवून ठेवलं होतं. त्यातून पुढे बी-१२ जीवनसत्त्व मोजलं, दोन तृतीयांशाच्या आसपास आयांमध्ये ते कमी निघालं, आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फोलेट (हेही ब गटातलंच एक जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. मग ती मुलंमुली वयात आल्यावर २०१२ मध्ये त्यांनाच बी-१२ देऊन, त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांचं काय होतं हे बघायचा प्रयोग सुरू झाला. आजी, आई, नात. मुलीच्या अंडाशयातली अंडी ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात, म्हणजे आईकडची आजी जेव्हा आईला पोटात घेऊन शेणी थापत होती तेव्हा माझं अर्धं सामान तिच्या पोटात होतं, कुलवृत्तांत काही का म्हणेना.

माझ्याकडे फ्रीझर कुठला, रक्त गोठवायला. पण पुढे कोण काय विचारेल ते आज सांगता येत नाही, एवढी गोष्ट मी त्यातून उचलली. म्हणून आता माणूस जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून ठेवते, ‘शुगर’ असं टाइप करून मोकळी होत नाही. ‘मुंग्या लागायच्या’, ‘गोड लघवी’, ‘पायाची जखम भरलीच नाही, अंगठा काढला’, ‘ताक प्यायला मिळायचं, दूध डेअरीला’. शेवटचं वाक्य निम्म्या बायकांच्या तोंडून आलंय. दूध घरचं, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला ताक.

गेल्या मार्गशीर्षात चार नावांच्या अक्काआत्याकडे सांगलीला गेले. वय चौऱ्याऐंशी, तिच्या हिशोबाने शहाऐंशी. काट्यावर उभी केली, अडतीस किलो. बीपी चांगलं. मी लॅपटॉपवर तिची रांग दाखवली, तिला जवळून दिसत नाही म्हणून वाचून दाखवली, माहेरचं नाव सुशीला, आईचा नंबर, मुलं चार, चौघांचे नंबर. ती म्हणाली, चार कुठली, सहा. मी म्हटलं अगं आत्या, दादा, ताई, बाळ्या आणि छोटी. ती म्हणाली, ताईच्या आधीची नऊ दिवसांनी गेली आणि बाळ्यानंतरचा रडलाच नाही. ती दोघं तुझ्यात नाहीत का?

नव्हती. मी तीन वर्षं लोकांना मुलं किती विचारत होते आणि लोक मला जिवंत मुलं सांगत होते, आणि मीही तेवढ्यावर मान हलवत होते. माझ्या सगळ्या घराण्यात एकही बाळ मेलेलं नव्हतं. सगळी फाईल पुन्हा करावी लागणार, प्रत्येक घरी पुन्हा जावं लागणार, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

दोन रांगा वाढवल्या. नंबर दिले, आईचा, बापाचा. नाव रिकामं, बारसं झालं नव्हतं. त्या नऊ दिवसांच्या मुलीचं वजन किती असेल म्हणून विचारलं, तर तिने ओंजळ केली, मग जरा लहान केली, आणि म्हणाली, तांब्याएवढी होती गं, पाण्याचा तांब्या असतो ना, तेवढी. वजनाच्या रकान्यात मी ‘तांब्याएवढी’ लिहिलं तर एक्सेल घेईना, तिथे फक्त आकडाच चालेल असं मीच कुलूप घालून ठेवलं होतं. आत्या विचारत होती, लिहिलंस का? मी कुलूप काढलं.